सांध्यांची पूरके : ‘नुसते’ या शब्दाचा धोका

बालरोगतज्ज्ञाने गुडघेदुखीच्या गोळ्यांविषयी लिहावे, हे आपल्या मंडळातील काही सहव्यावसायिकांना अस्थानी वाटेल. आपल्यात अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, संधिवाताचे जाणकार आहेत. मग हा अधिकार मी का घ्यावा? त्याचे उत्तर माझ्या दवाखान्यातच आहे. माझा रुग्ण दोन वर्षांचा असतो, परंतु त्याला घेऊन येते ती बहुधा आजी. आईवडील दोघेही नोकरीवर गेलेले असतात. नातवाचा खोकला, लस, वजन हे सारे आटोपले, की आजी टेबलाच्या कडेचा आधार घेऊन उठते आणि पिशवीतून एक डबा काढून विचारते, “डॉक्टर, मुलानं अमेरिकेहून पाठवलाय. गुडघ्यांसाठी आहे म्हणे. घेऊ ना? औषध नाही, नुसतं पूरक आहे.”

हा ‘नुसते’ शब्दच आजच्या लेखाचा विषय आहे. इंदूरसारख्या शहरात आपल्या समाजातील घराघरांतून मुले परदेशी गेली आहेत आणि घरी राहिलेल्या आईवडिलांचे गुडघे झिजले आहेत. मुलाला आईसाठी काहीतरी करावेसे वाटते आणि तो सामानात दोनशे गोळ्यांचा डबा टाकतो. त्या डब्यात प्रेम असते, यात शंका नाही. पण आणखी काय काय असते, हे ना मुलाला ठाऊक असते ना आईला. आणि प्रांजळपणे सांगायचे तर पुष्कळदा आपणा डॉक्टरांनाही नसते.

डब्यात काय असते?

बहुतेक डब्यांत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे दोन घटक असतात. दोन्ही आपल्या कूर्चेत नैसर्गिकरीत्या असतात, म्हणून ते तोंडावाटे घेतले की झिजलेली कूर्चा भरून येईल, असे साधे गणित मांडले जाते. गणित आकर्षक आहे. पण केस खाल्ल्याने टक्कल भरत नाही, हेही तितकेच खरे. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी व खेकडे यांच्या कवचापासून काढतात. कॉन्ड्रॉइटिन येते ते गाई, डुकरे यांच्या किंवा शार्क माशाच्या कूर्चेतून. कोलॅजेनची भुकटी गुरांच्या वा माशांच्या कातडीपासून होते आणि ‘टाइप टू’ कोलॅजेन कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून.

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या एका काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. तीन वर्षे त्या रोज सकाळी देवपूजेनंतर ही गोळी घेत होत्या. भारतीय वेष्टनावर मांसाहारी घटकाचे तपकिरी चिन्ह तरी असते. परदेशी डब्यावर तेही नसते. आंबवण्याच्या प्रक्रियेने केलेले शाकाहारी ग्लुकोसामाइन बाजारात मिळते, पण त्यासाठी आधी कोणीतरी विचारावे लागते. कोणी काय खावे, हा माझा प्रश्न नाही. आपण काय खातो आहोत हे कळण्याचा रुग्णाचा हक्क मात्र आहे. आणि ज्यांना कोळंबी-खेकड्यांची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ सोवळ्याओवळ्याचा उरत नाही.

उपयोग किती?

दुष्परिणामांचा विचार करताना लाभ किती, हे आधी तोलले पाहिजे. अमेरिकेत शासकीय निधीतून झालेली ‘गेट’ ही चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. गुडघ्यांची झीज असलेल्या १,५८३ रुग्णांना २४ आठवडे ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र, सेलेकॉक्सिब किंवा निव्वळ साखरेची गोळी देण्यात आली. साखरेच्या गोळीनेही सुमारे ६० टक्के रुग्णांना बरे वाटले, आणि पूरकांचा निकाल त्याहून लक्षणीयरीत्या सरस ठरला नाही. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या छोट्या गटात दोन्ही घटक एकत्र घेतल्यावर काही फरक दिसला; पूरकांचे विक्रेते आजही त्याच गटाकडे बोट दाखवतात. पुढे २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दहा चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. रुग्णाला जाणवेल इतका फरक त्यातही आढळला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने गुडघ्याच्या झिजेसाठी ही दोन्ही द्रव्ये देऊ नयेत, असे ठामपणे म्हटले. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये ग्लुकोसामाइन न देण्याचाच सल्ला दिला.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माझे एक अस्थिरोगतज्ज्ञ मित्र म्हणतात, “ताई, मी ही गोळी दिली नाही तर आजोबा रोज दोन वेदनाशामक गोळ्या खातील, त्यांची किडनी जाईल. ही तरी निरुपद्रवी.” युक्तिवाद पोकळ नाही. वृद्धांत वेदनाशामकांनी जठरातून होणारा रक्तस्राव आणि मूत्रपिंडांची हानी आपण सर्वांनी पाहिली आहे. नियंत्रित चाचण्यांत ग्लुकोसामाइन बहुतांश लोकांना सोसले, हेही खरे. माझा आक्षेप ‘निरुपद्रवी’ या शब्दाला आहे. चाचणीत निवडून घेतलेला रुग्ण आणि सात प्रकारच्या गोळ्या घेणारी आपली आजी एक नव्हेत.

माझ्या घरातील गोष्ट

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या आईला हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफेरिन चालू होते. तिचा आयएनआर दोन वर्षे दोन ते तीनच्या दरम्यान स्थिर होता. एका परिषदेत मिळालेल्या पिशवीत ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा डबा होता. आईचे गुडघे दुखत होते. मी तो डबा तिच्या हाती दिला. वेष्टन वाचले नाही, तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारले नाही. सहा आठवड्यांनी तिला लालसर लघवी झाली. आयएनआर सहाच्या वर गेला होता. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, “आजी, आणखी काही औषध घेता का?” ती म्हणाली, “नाही हो, बाकी काही औषध नाही.” आणि ती खोटे बोलत नव्हती. मीच तिला सांगितले होते, ‘हे औषध नाही, नुसतं पूरक आहे.’

दुसरे काही कारण सापडते का, हे आम्ही शोधले. प्रतिजैविक नव्हते, आहार बदललेला नव्हता. पूरक बंद केले, उपचार झाले, आयएनआर पूर्ववत झाला. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला कळते. परंतु वॉरफेरिनसोबत ही द्रव्ये घेतल्यावर आयएनआर वाढल्याचे आणि पूरक थांबवल्यावर तो खाली आल्याचे अहवाल जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत त्यापूर्वीच जमा झालेले होते. ते मी वाचलेले नव्हते. डॉक्टर असलेल्या मुलीने दिलेली गोळी आईने प्रश्न न विचारता घेतली. प्रश्न विचारण्याचे काम माझे होते.

आणखी कोणी सावध राहावे?

ग्लुकोसामाइन सल्फेट टिकून राहावे म्हणून त्यात सोडियम क्लोराइड किंवा पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगायचे आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम टाळायला सांगायचे, आणि हा डबा मात्र पाहायचा नाही, हे विसंगत आहे. मळमळ, छातीत जळजळ, जुलाब किंवा बद्धकोष्ठ या तक्रारी तर नेहमीच्याच. मधुमेहींमध्ये अल्प काळाच्या अभ्यासात साखरेवर ठळक परिणाम दिसला नाही, तरी नवे पूरक सुरू केल्यावर काही आठवडे साखर अधिक काळजीने तपासण्यात शहाणपण आहे. गर्भवती व स्तनदा मातांनी ते टाळावे. शस्त्रक्रियेपूर्वी तर प्रत्येक पूरकाची माहिती सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही दिली पाहिजे.

आपल्याकडे ग्लुकोसामाइनच्या जोडीला डायसरीन असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. डायसरीन हे पूरक नव्हे, औषध आहे. तीव्र जुलाब आणि यकृताला होणारी इजा लक्षात घेऊन युरोपच्या औषध नियंत्रक संस्थेने २०१४ मध्ये त्यावर निर्बंध घातले आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी त्याची शिफारस करू नये, असे सांगितले. आपल्याकडे गुडघेदुखीचा रुग्ण बहुधा त्याच वयाचा असतो. ‘सांध्यांच्या ताकदीची गोळी’ म्हणून तीच गोळी चालू राहते आणि आजोबांच्या जुलाबांसाठी मात्र पाणी बदलल्याचे कारण शोधले जाते.

हळदीविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण हळद हे आपल्या घरचे द्रव्य. पण वरणातील चिमूटभर हळद आणि ९५ टक्के कर्क्युमिनची कॅप्सूल यांत मोठे अंतर आहे. कर्क्युमिन आतड्यांतून फारसे शोषले जात नाही, म्हणून त्यात मिरीतील पिपेरीन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की पिपेरीनमुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे वीस पटींनी वाढते. शरीर ज्याला सहसा आत घेत नाही, ते आपण दार उघडून आत घेतो. अशा कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याचे रुग्ण अमेरिका, इटली व ऑस्ट्रेलियात नोंदले गेले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये तशी सूचना प्रसिद्ध केली. असे रुग्ण विरळा आहेत, तरी गडद लघवी, पिवळे डोळे, अंगाला खाज व अन्नावरील वासना जाणे ही लक्षणे दिसताच कॅप्सूल थांबवली पाहिजे. शिवाय पिपेरीन इतर औषधांचे शोषणही वाढवते. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णात त्याची रक्तातील पातळी वाढू शकते, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांनाही लक्षात ठेवावे लागते. आयुर्वेदाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंपरेने ज्या स्वरूपात व ज्या मात्रेत द्रव्य वापरले, ते स्वरूप आणि ती मात्रा बदलल्यावर परंपरेचा दाखला पुरेसा राहत नाही, इतकेच म्हणणे आहे.

बिननावाची पुडी

सर्वांत अधिक भीती मला वाटते ती नाव नसलेल्या पुडीची. कोणी नातेवाईक सुचवतो, कोणी गावाबाहेरच्या वैदूकडून आणतो. दोन दिवसांत चमत्कार होतो. जिना न चढणारे आजोबा देवदर्शनाला जाऊन येतात. अशा चमत्कारामागे पुष्कळदा छुपे स्टेरॉइड असते. सांध्यांचे पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘आर्ट्री किंग’ या मालात वेष्टनावर न छापलेले डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक सापडल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये जाहीर केले. जेथे तपासणी होते तेथे ही स्थिती, तर कागदात बांधलेल्या पुडीचे काय सांगावे? चेहरा गोल होणे, भूक वाढणे, साखर व रक्तदाब अकस्मात चढणे ही त्याची चिन्हे. आणि येथे एक सूचना आवर्जून करते : अनेक आठवडे चाललेली अशी पुडी रुग्णाने मनाने एकदम बंद करू नये. शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते; अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे यावे.

नातवंडांपर्यंत पोहोचणारा डबा

आता माझ्या मूळ क्षेत्राकडे वळते. घरातील आजोबांचा डबा नातवापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट अपघाताची : रंगीत, गोड चघळण्याच्या गोळ्या मुलाला चॉकलेटच वाटतात. दुसरी वाट मायेची, आणि ती अधिक अवघड. नऊ वर्षांच्या एका मुलाचे पाय रात्री दुखत. आजोबांना आठवड्यातून एकदा घेण्यासाठी ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पाकिटे दिली होती. ‘हाडांचीच तर आहेत’ म्हणून त्यांनी नातवाला महिनाभर रोज एक पाकीट दुधातून दिले. मुलगा उलट्या, बद्धकोष्ठ आणि सतत तहान या तक्रारी घेऊन आला. रक्तातील कॅल्शियम १४ च्या घरात होते. त्या वयाच्या मुलाची रोजची गरज ६०० एकके. मुलगा बरा झाला, पण ते आजोबा पुढे कित्येक महिने माझ्यासमोर मान वर करीत नव्हते. चूक त्यांची एकट्याची नव्हती. ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून कोणी दिले होते?

याहून गंभीर गोष्ट पुडीची. मुलांचे हात-पाय दुखणे पुष्कळदा किरकोळ असते. परंतु सांध्यावर सूज, सकाळचा ताठरपणा, रेंगाळणारा ताप, फिकटपणा, अंगावर निळसर डाग किंवा झोपेतून उठवणारी एकाच जागची वेदना असेल, तर त्यामागे संधिवात, हृदयाला इजा करणारा संधिज्वर किंवा रक्ताचा कर्करोगही असू शकतो. अशा मुलाला स्टेरॉइडची पुडी मिळाली की दुखणे काही काळ ओसरते, तपासणीतील खुणा पुसट होतात आणि निदान लांबते. मुलाच्या बाबतीत गेलेला तो महिना परत मिळत नाही. म्हणून पालकांना व आजी-आजोबांना हात जोडून सांगते : सांध्यांचे कोणतेही पूरक मुलाला देऊ नका.

आपण काय करावे?

वाचकांसाठी काही सूचना थोडक्यात देते.

१. डॉक्टरांकडे जाताना यादी नव्हे, सगळे डबे पिशवीत घालून न्या. परदेशातून आलेले, जाहिरातीतून मागवलेले, शेजारणीने दिलेले, सारे.

२. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, यकृत वा मूत्रपिंडाचा विकार असेल, कवचधारी माशांची ॲलर्जी असेल, तर विचारल्याखेरीज एकही गोळी सुरू करू नका.

३. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. तीन महिन्यांत फरक जाणवला नाही, तर ती चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.

४. वेष्टनावर घटक, मात्रा, उत्पादक आणि परवाना क्रमांक नसेल, तर ते घरात आणू नका.

५. डबे कुलपात ठेवा. देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा किंवा जेवणाचे टेबल ही त्यांची जागा नव्हे.

गुडघ्यांसाठी ज्याचा उपयोग खरोखर सिद्ध झाला आहे, ते फारसे विकले जात नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, नियमित चालणे, वजन उतरवणे आणि आवश्यक तेव्हा वरून लावायचे वेदनाशामक मलम, एवढेच ते आहे. वजन एक किलो उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे एका अभ्यासात दिसले आहे. यासाठी डबा लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

आता सहव्यावसायिकांसाठी दोन शब्द. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार पूरकाच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना असावी लागते. तीच वस्तू आपण आपल्या नावाच्या कागदावर औषधाखाली लिहितो, तेव्हा त्या सूचनेला काय अर्थ उरतो? रुग्णाला विचारताना ‘आणखी काही औषध?’ असे न विचारता ‘तोंडावाटे आणखी काय काय घेता? गोळ्या, पूड, काढा, बाहेरगावाहून आलेले काही?’ असे विचारावे. माझ्या आईला असे विचारले असते, तर तिने लगेच सांगितले असते. आणि दुष्परिणामाची शंका आली, तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. खात्री लागत नाही, शंका पुरते. आपण कळवत नाही, म्हणून ‘भारतात असे काही घडत नाही’ असे म्हणणाऱ्यांचे फावते.

शेवटची गोष्ट थोडी कटू आहे. आपल्या संमेलनात मिळणाऱ्या पिशव्या आणि स्मरणिकांची छपाई, या दोन्हींना अशा पूरकांच्या उत्पादकांचा हातभार लागतो. कार्यकारिणीवर असताना जाहिरातींसाठी विनंतीची पत्रे मी स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे हा दोष इतरांवर टाकण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या डब्याने माझ्या आईला रुग्णालयात नेले तो अशाच पिशवीतून आला होता, हे मी विसरू शकत नाही. म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे : पुढील वर्षापासून सांध्यांच्या, हाडांच्या वा ताकदीच्या पूरकांची जाहिरात व नमुने आपण स्वीकारू नयेत. तूट येईल, सभासदवर्गणी थोडी वाढवून ती भरून काढता येईल. आणि महिन्यातून एका रविवारी आपल्याच एखाद्या सभागृहात आजी-आजोबांसाठी गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग आणि ‘डबे दाखवा’ असा मोफत उपक्रम सुरू करावा. येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीतले डबे आपल्यापैकी कोणीतरी समोर बसून वाचावेत.

पहिल्या वर्गाला माझी आई येणार आहे. ती आता खुर्चीत बसून रोज सकाळ-संध्याकाळ पाय सरळ करून दहा-दहा आकडे मोजते. गुडघे अजून दुखतात, पण पूर्वीपेक्षा कमी. परवा शेजारच्या काकूंनी तिला नवा डबा दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “आधी माझ्या मुलीला वाचायला दे. तिनं आता वाचायला सुरुवात केली आहे.”